कुडलचं देऊळ ‘हेमाडपंथी’ का नाही? मधुसूदन ढाकी समजून घेताना

सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलला पाहुणे घेऊन गेलो की एक वाक्य ठरलेलं असतं. भीमा-सीनेचा संगम बघून होतो, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपते, आणि देवळाच्या ओट्यावर टेकता टेकता कुणीतरी म्हणतं, “हेमाडपंथी आहे बरं का.” सगळे माना डोलावतात आणि विषय तिथंच मिटतो. यंदा भाच्यानं तो मिटू दिला नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करतोय, अंगात नवीन नवीन इंजिनीअर शिरलाय. म्हणाला, “मामा, हा हेमाडपंत नक्की कधीचा?”

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आणि कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर जो लेख आहे, शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्यामुळे जो आपल्याला माहीत झाला, त्यावर शके ९४० आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन १०१८. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे जो हे वाचेल तो विजयी होईल, हे वाक्य याच लेखातलं. हा लेख कोरला गेला तेव्हा हेमाडपंत जन्माला यायला अजून दोनेकशे वर्षं होती. पणजोबांच्या लग्नाला पणतू हजर, असा हा हिशोब.

“मग हे देऊळ कुठल्या पद्धतीचं?” हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर मला एका ओळीत देता येईना. ते देण्यासाठी एका माणसाची ओळख करून द्यावी लागेल, ज्यानं असल्याच प्रश्नांपायी पन्नासहून अधिक वर्षं घालवली. मधुसूदन अमीलाल ढाकी. सोलापूरशी त्यांचा थेट संबंध मला जोडायचा नाही. पण आपल्या गावाभोवतीचे दगड वाचायला जी भाषा लागते, ती त्यांनी घासून-पुसून जागेवर ठेवली.

ढाकींचा जन्म ३१ जुलै १९२७ चा, पोरबंदरचा. शिक्षण मात्र पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात, आणि तेही भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्रात. इथं एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. भारतीय वास्तुकलेचा पहिला सलग इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या गृहस्थाचं नाव जेम्स फर्ग्युसन. आणि फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन. दोन माणसं वेगळी. बऱ्याच जणांचा इथं गोंधळ होतो, माझाही कित्येक वर्षं होता. पहिले फर्ग्युसन कलकत्त्यात नीळ विकायचे आणि फिरून फिरून इमारतींची चित्रं काढायचे. त्यांचा मोठा ग्रंथ १८७६ चा. ढाकी शिकले दुसऱ्याच्या नावाच्या कॉलेजात, आणि पुढं आयुष्यभर पहिल्यानं घालून दिलेली घडी मोडत राहिले.

पदवीनंतर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली, मग शेती खात्यात फळबागांच्या संशोधनाचं काम. देवळांचा नाद सुट्टीतला. १९५१ मध्ये पोरबंदरात चार समविचारी माणसं जमवून त्यांनी पुरातत्त्वाचा एक अभ्यासगट काढला. सुट्टीच्या दिवशी देवळं धुंडायची, मोजायची, टिपणं काढायची. पुढं जुनागढच्या संग्रहालयात अभिरक्षक, मग अहमदाबादला लालभाई दलपतभाई संस्थेत, आणि अखेर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या कला आणि पुरातत्त्व केंद्रात. हे केंद्र आधी बनारसला होतं, नंतर दिल्लीजवळ गुडगावला गेलं. ढाकी तिथं २००५ पर्यंत होते. २०१० मध्ये पद्मभूषण, २९ जुलै २०१६ ला निधन. मधल्या काळात गुजरातीत कथा लिहिल्या, संगीतावर लिहिलं, जैन इतिहासावर भरपूर लिहिलं. कारकीर्द अशी चार ओळींत मावते. कामाचं तसं नाही.

त्यांचं काम समजून घ्यायला आधी एक प्रश्न: देऊळ बघणारा अभ्यासक आधी कुठं बघतो? आपण बघतो शिखराकडं, नाहीतर मूर्तीकडं. तो वाकतो आणि जोत्याकडं बघतो. कारण सोपं आहे. शिखर पडतं, नवं बांधलं जातं. मूर्ती फुटते, बदलते, चोरीला जाते. भिंतीला चुना लागतो, आता तर ऑइल पेंट. जोतं मात्र वरचा सगळा भार अंगावर घेऊन जिथल्या तिथं बसलेलं असतं. ते बदलायचं तर अख्खं देऊळ उतरवावं लागेल.

आणि जोतं म्हणजे नुसता चौथरा नव्हे. त्यात एकावर एक थर असतात. एक थर घोड्याच्या खुरासारखा पसरट, एक घड्यासारखा फुगीर, एक आत गेलेला अंधारा पट्टा, वर पुढं आलेली कड. या प्रत्येक थराला संस्कृत शिल्पग्रंथांत नाव आहे: खुर, कुंभ, कलश, अंतरपत्र, कपोताली. ही उत्तरेकडची नावं. दक्षिणेकडं जा, तिथं उपान, जगती, कुमुद, कंठ. थरांचा क्रम, त्यांची उंची, कडेचा बाक हे सगळं दर पन्नास-शंभर वर्षांनी आणि दर शे-दोनशे कोसांवर थोडं थोडं बदलत जातं. सोलापूरच्या पूर्व भागातला जुना विणकर चादर हातात आली की आधी ती उलटी करतो. पाठीमागचे धागे बघून माग कुठला, काम कुणाच्या हातचं, हे तो सांगतो. वरच्या मोराकडं त्याचं लक्षही जात नाही. तसंच काहीसं.

ढाकींच्या आधी हे थर लोकांनी पाहिले नव्हते असं नाही. पण इंग्रजी लिहिणारे त्यांना ग्रीक-रोमन इमारतींतली नावं द्यायचे, किंवा नुसतंच ‘नक्षीदार पट्टा’ म्हणून पुढं जायचे. वर्गवारीही तशीच: हे जैन देऊळ, हे हिंदू, हे चालुक्य वंशाचं. म्हणजे धर्मावरून नाहीतर राजाच्या नावावरून. यातली अडचण भाच्याला मी अशी सांगितली: एकाच गवंड्यानं एका गल्लीत मशीद बांधली आणि दुसऱ्या गल्लीत मठ, तर दोन्हीकडच्या कमानीत त्याचाच हात दिसणार. मालकाचं नाव बघून कमान कळत नाही. गुजरात-राजस्थानातल्या मध्ययुगीन देवळांचं असंच झालं. जैन आणि शैव अशा दोन पेट्यांत ती विभागली गेली होती. मुळात ती एकाच कारागीर-परंपरेची. मारवाडातली आणि गुजरातेतली अशा दोन धारा एकत्र येऊन ती घडली, हे ढाकींनी देवळामागून देवळं तपासून दाखवलं. तिला ‘मारु-गुर्जर’ हे नाव रूढ झालं ते त्यांच्यामुळं.

पुस्तकातली नावं खरंच दगडाला लागू पडतात का, हे ठरवणं सर्वांत अवघड. भोजाचा ‘समरांगणसूत्रधार’ किंवा ‘अपराजितपृच्छा’ यांसारखे ग्रंथ श्लोकांत आहेत, चित्रांशिवाय आहेत, आणि हस्तलिखितांत चुका भरपूर. नुसत्या संस्कृत पंडिताला श्लोक कळतो पण थर दिसत नाही. नुसत्या इंजिनीअरला थर दिसतो, श्लोक कळत नाही. (भाच्यानं इथं माझ्याकडं बघितलं.) ढाकींना दोन्ही बाजू उघड्या होत्या, कारण गुजरातेत सोमपुरा हा देवळं बांधणारा समाज अजून काम करत होता. सोमनाथाचं आजचं देऊळ ज्यांनी रचलं त्या प्रभाशंकर सोमपुरांबरोबर ढाकींनी दुर्गबांधणीवर पुस्तकही केलं. श्लोकातला शब्द, पाथरवटाच्या तोंडातला शब्द आणि समोरचा दगड या तिन्हींची गाठ पडली की मगच ते नाव पक्कं करायचे. १९६३ मध्ये जे. एम. नाणावटींबरोबर त्यांनी गुजरातेतल्या देवळांच्या फक्त छतांवर एक पुस्तक लिहिलं. फक्त छतं! १९६५ चं एक छोटं पुस्तक नुसत्या व्यालांवर, म्हणजे देवळाच्या भिंतीवर सिंहासारखं अंग उभारून असलेल्या त्या काल्पनिक जनावरावर. इतक्या बारीक गोष्टीवर अख्खं पुस्तक कशाला, असं वाटतं खरं. पण अशा पंचवीस-तीस बारीक गोष्टींचे धागे हाताशी असले तरच एखाद्या बेवारस देवळाचं वय सांगता येतं.

वय सांगायची पद्धत आता थोडक्यात. आधी ज्यांच्यावर तारखेचा लेख आहे अशी देवळं घ्यायची. अंबरनाथचं शिवमंदिर घ्या, शके ९८२, म्हणजे १०६०. ही पक्की मेख. अशा मेखा ठोकल्या की दोन मेखांच्या मध्ये बिनतारखेची देवळं त्यांच्या थरांवरून, खांबांवरून, दाराच्या शाखांवरून, म्हणजे चौकटीच्या उभ्या कोरीव पट्ट्यांवरून, बसवत जायची. पण लेखालाही आंधळेपणानं भुलायचं नाही. लेख असतो एका दगडावर. तो दगड जुन्या देवळातून काढून नव्यात बसवलेला असू शकतो. दानाचा लेख देवळाच्या बांधणीनंतर शंभर वर्षांनीही कोरला जातो. म्हणून कुडलची तुळई १०१८ ची, हे मी छातीठोक म्हणेन. तिच्याखालचा प्रत्येक खांब त्याच सालचा, असं म्हणणार नाही. खांब वेगळे तपासावे लागतात.

सोमनाथाचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथलं पहिलं दगडी देऊळ किती जुनं यावर भावनेच्या भरात वाटेल ती शतकं सांगितली जातात. ढाकी आणि हरिप्रसाद शास्त्री यांनी १९७४ मध्ये उत्खननात सापडलेल्या अवशेषांचा आणि लेखांचा मेळ घालून ते गुजरातेतला चौलुक्य राजा मूलराज याच्या काळातलं, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ठरवलं. देऊळ हजार वर्षांचं आहे एवढ्यानं ज्याचं समाधान होत नाही आणि ज्याला दोन हजार हवीत, त्याला असे अभ्यासक आवडत नाहीत. आपल्याकडंही फलकावर ‘पांडवकालीन’ लिहिलं की गर्दी वाढते.

आता सोलापूरकडं. ढाकींचं नाव ज्या कामाशी कायमचं जोडलं गेलं तो भारतीय मंदिर-वास्तुकलेचा विश्वकोश. मायकेल माइस्टर यांच्याबरोबर त्यांनी तो संपादित करायला घेतला. पहिला खंड १९८३ चा. प्रत्येक खंडाचे दोन भाग, एकात मजकूर आणि नकाशे, दुसऱ्यात छायाचित्रं. या कामासाठी संस्थेची माणसं देशभर फिरली आणि लाखाच्या वर छायाचित्रांचा साठा उभा राहिला. त्यात दक्षिण भारताचे दोन तुकडे केले आहेत: खालचा द्रविडदेश, म्हणजे तमिळ मुलूख, आणि वरचा द्रविडदेश, म्हणजे कर्नाट मुलूख. या वरच्या द्रविडदेशाचा नंतरचा टप्पा १९९६ च्या खंडात आहे आणि तो सुरू होतो ९७३ पासून. ९७३ का? त्या साली तैलपानं राष्ट्रकूटांना हटवलं आणि पुढं ज्यांना आपण कल्याणीचे चालुक्य म्हणतो त्यांची सत्ता उभी राहिली. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, इथून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो. १०१८ मध्ये कुडलच्या मुलखावर याच घराण्यातला दुसरा जयसिंह राज्य करत होता.

तेव्हा भाच्याच्या प्रश्नाला पहिलं उत्तर: कल्याणी चालुक्यांचा काळ, अकरावं शतक. यादव आणि हेमाडपंत नंतर. ‘हेमाडपंथी’ म्हणून आपण जी खूण सांगतो, म्हणजे चुना न वापरता दगडावर दगड बसवायचा, खाचा-कुसू जुळवायच्या आणि वजनावर इमारत तोलायची, ती पद्धत हेमाडपंताच्या कितीतरी आधीची आणि महाराष्ट्राबाहेरचीही. एका मंत्र्याच्या नावावर शेकडो वर्षांचं पाथरवटांचं काम जमा झालं.

पण कुठली शैली? नागर, द्रविड आणि वेसर ही तीन नावं शाळेत घोकलेली असतात. ढोबळमानानं नागर म्हणजे उत्तरेकडचं, उभ्या रेषांनी वर निमुळतं होत जाणारं शिखर. द्रविड म्हणजे मजल्यामजल्यांनी चढणारं. वेसर मधलं. संस्कृतात वेसर म्हणजे खेचर, घोडा आणि गाढवाची मिसळ. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात बोलणाऱ्या सोलापूरकरांनी यात वाईट वाटून घेऊ नये. ढाकींनी १९७७ मध्ये कर्नाट भागातल्या शिलालेखांवर एक छोटंसं, पण फार महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्या काळच्या लोकांनी स्वतः आपल्या देवळांच्या प्रकारांना काय म्हटलं होतं, ते लेखांतून शोधायचं आणि प्रत्यक्ष देवळांशी ताडून बघायचं, असा त्याचा घाट. त्यात तीनच नावं निघत नाहीत, आणखीही निघतात. ‘भूमिज’ हे त्यातलं आपल्या कामाचं. अंबरनाथचं किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर आठवा: चारी बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरं मण्यांसारखी एकावर एक ओवलेली. ते भूमिज. आपण त्यालाही हेमाडपंथीच म्हणतो.

कुडलला उभं राहिलं की एक गोष्ट हाताला लागते, अगदी शब्दशः. धारवाड-गदगकडं गेलात तर त्याच काळातल्या देवळांचे खांब आरशासारखे गुळगुळीत, कातारी लाटणं कातेल तसे कातलेले. तिथला दगड मऊ. कन्नडमध्ये त्याला बळपद कल्लु म्हणतात; बळप म्हणजे पाटीवरची पेन्सिल. खाणीतून काढला की नखानं चरा पडावा इतका मऊ, नंतर हवेत हळूहळू कडक होणारा. आपल्याकडं मात्र खाली दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर छिन्नी मारली की हात झिणझिणतो. शैली तीच असली तरी दगड बदलला की नक्षी जाड होते, कडा बोथट होतात, कलावंत कमी दर्जाचा होता असा गैरसमज होतो. भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसानं देवळं बघायला घेतली, यात मला योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं.

ढाकींविषयी सगळंच गोड बोलायचं नाही. त्यांचं इंग्रजी विलक्षण जड. एका वाक्यात आठ संस्कृत शब्द, आणि त्यातले तीन शब्दकोशात नसलेले. विश्वकोश घेऊन कुणी आरामखुर्चीत बसणार नाही. तो टेबलावर उघडा ठेवून शेजारी छायाचित्र ठेवायचं काम. शिवाय देवळाला पैसा कुणी दिला, दगड कुणी वाहिले, आत कुणाला प्रवेश होता आणि कुणाला नव्हता, या प्रश्नांना त्या खंडांत फारशी जागा नाही. आकार आणि आकाराची वंशावळ हाच त्यांचा प्रांत. आजचे अभ्यासक यावर टीका करतात, आणि ती मला रास्त वाटते. पण टीका करायलाही आधी ‘हा थर अकराव्या शतकातला’ हे ठाऊक असावं लागतं, आणि ते त्यांच्याच खंडातून बघून घेतलेलं असतं.

ही नजर गावातच वापरून बघता येते. भुईकोट किल्ला बहमनी काळातला, चौदाव्या शतकातला म्हणून आपण दाखवतो. त्याच्या पोटात कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या देवळाचे अवशेष आहेत, खांब उभे आहेत. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, तेव्हा गावाचं नाव सोन्नलगी. म्हणजे किल्ल्याच्या तटाच्या आत तटाहून जुनी वास्तू. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत लाखभर माणूस किल्ल्याला वळसा घालून जातं, आत डोकावणारे थोडे. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ याच्या उलट. तिथं रोजचा राबता, त्यामुळं दुरुस्त्या, रंग, फरशा, नवं बांधकाम यांचे थर चढलेले. तिथं अभ्यासकाला कांद्यासारखं सोलत जावं लागेल. जिवंत देवळाचं हे असंच असतं, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. फक्त दगडावर ऑइल पेंट मारू नये एवढीच विनंती. जिल्ह्यातल्या एका देवळात थरांच्या खाचा रंगानं अशा बुजल्यात की खुर कुठं संपतो आणि कुंभ कुठं सुरू होतो ते बोटानं चाचपून बघावं लागलं.

कुडलच्याच दुसऱ्या देवळाचं, हरिहरेश्वराचं, नशीब निराळं. ते मातीच्या ढिगाखाली होतं, १९९० च्या दशकात मोकळं झालं. त्यातूनच ३५९ लहान मुखं कोरलेलं ते प्रसिद्ध शिवलिंग बाहेर आलं. मातीनं रंगाऱ्यापासून वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही.

निघता निघता भाचा मोबाईलवर जोत्याचे फोटो काढत होता, प्रत्येक थराचा वेगळा, शेजारी मापासाठी कंपासपेटीतली पट्टी ठेवून. शिखराचा एकही काढला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, “मामा, समजा इथला फलक आपल्याला लिहायला दिला, तर काय लिहायचं?”

“तुळई शके ९४०. कल्याणी चालुक्यांचा काळ.”

“आणि खांब?”

“खांबांचे फोटो काढलेस का?”

काढले नव्हते. गाडी मंद्रूपला पोचेपर्यंत पुढच्या रविवारचं ठरलं होतं.